एका छत्रीवर तीन सेट-टॉप बॉक्स
प्रश्न: आमच्या गच्चीवर एकच छत्री असून स्प्लिटर लावून तीन खोल्यांत जोडणी केली आहे; मात्र आईच्या खोलीत वाहिनी बदलली की बैठकीतल्या टीव्हीवरचे चित्र गोठते. काय करावे?

उत्तर १: दोष स्प्लिटरचाच आहे. बॉक्स केबलमधूनच एलएनबीला (छत्रीच्या दांड्यावरील, उपग्रहाचे संकेत पकडणाऱ्या भागाला) १३ व्होल्ट देऊन उभ्या, तर १८ व्होल्ट देऊन आडव्या ध्रुवीकरणाच्या (लहरींच्या कंपनाच्या दिशेच्या) वाहिन्या मागवतो. त्यामुळे दोन बॉक्सची मागणी वेगळी असली, की जास्त व्होल्टेजवाल्याचेच चालते. चार आउटपुटचा एलएनबी बसवून प्रत्येक बॉक्सला स्वतंत्र आरजी-६ प्रकारची केबल ओढावी.

उत्तर २: सहमत आहे. कनेक्टरवर रबरी टोपी आवर्जून चढवा, अन्यथा पावसाचे पाणी शिरून तांब्याची तार हिरवी पडते.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. मोकळे राहणारे चौथे आउटपुटही झाकून ठेवीन.