चार दिवस फोन बंद पडला, तर गिऱ्हाईक तुटते का?

केळीबागवाला, रावेर तालुका

गेल्या हंगामात आमच्या गावात एका कंपनीचे नेटवर्क सलग चार दिवस बंद होते. रस्त्याच्या कामावरील पोकलेनने जमिनीखालची केबल तोडली होती, हे तिसऱ्या दिवशी कळले, आणि तेही कंपनीकडून नव्हे, तर पोकलेन चालवणाऱ्या पोराकडून. नेमकी त्याच दिवसांत माझी कापणी ठरलेली होती. आमच्याकडे केळीचा भाव रोज बदलतो आणि व्यापाऱ्याचा होकार फोनवरच येतो. गाडी कधी लागणार, मजूर किती सांगायचे, माल किती तयार झाल्यावर उतरवायचा, हे सारे त्या एका बोलण्यावर ठरते. मी दोन दिवस सकाळ-संध्याकाळ मोटारसायकल काढून पाटचारीच्या पुलावर जाऊन उभा राहत होतो, कारण तेथे शेजारच्या गावच्या टॉवरची एखादी काडी मिळत असे. तिसऱ्या दिवशी व्यापाऱ्याने गाडी दुसऱ्याच्या बागेत लावली. त्याचे काही चुकले असे मी म्हणणार नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी नेटवर्क आले. फोनवर पहिला संदेश पडला तो दिलगिरीचा नव्हता. ‘आपला प्लॅन दोन दिवसांत संपत आहे, त्वरित रिचार्ज करा’ असा होता. अकरा वर्षे मी त्या कंपनीचा ग्राहक होतो. आठवडाभरात नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेला.

माझे म्हणणे असे की, बिघाड झाला म्हणून कोणी लगेच कंपनी सोडत नाही, पण तो लांबला की गिऱ्हाइकाला तिच्यावाचून दिवस काढण्याची सवय होते, आणि ही सवय कंपनीला सर्वांत महाग पडते. एकेकाळी गाजलेल्या आणि पुढे गिऱ्हाईक गमावून बसलेल्या ब्लॅकबेरी या फोन कंपनीचे उदाहरण पाहा. १० ऑक्टोबर २०११ रोजी त्या कंपनीची इंग्लंडमधील यंत्रणा कोसळली. युरोप, आखाती देश, आफ्रिका आणि भारतातील ग्राहकांचे ईमेल आणि मेसेंजर अडकले, आणि दोन दिवसांत हे लोण उत्तर अमेरिकेत पोहोचले. संस्थापक माइक लाझरिडिस यांनी चित्रफितीतून माफी मागितली ती १३ तारखेला. नंतर ग्राहकांना शंभर डॉलरहून अधिक किमतीची ॲप मोफत देऊ केली. ज्याचा तीन दिवस धंदा अडला त्याला ॲप देणे म्हणजे, पंगतीत उपाशी राहिलेल्याला हात धुवायला गरम पाणी देण्यासारखे आहे.

मोबाइल दुकान, धुळे

केळीवाले भाऊ, तुमचे नुकसान खरे आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष माझ्या काउंटरवर टिकत नाही. चौदा वर्षे मी सिमकार्ड विकतो. नेटवर्क गेले की लोक तावातावाने दुकानात येतात, एक म्हातारबा तर काठी आपटून म्हणाले होते, “रेंज नही शे, मंग पैसा कसाना?” मी सगळ्यांना एकच सांगतो की उद्या आधार कार्ड घेऊन या, नंबर पोर्ट करून देतो. दहांपैकी दोघे-तिघे येतात. बाकीच्यांचे नेटवर्क रात्रीत परत येते, ८४ दिवसांच्या प्लॅनचे ५० दिवस शिल्लक असतात, आणि ते पैसे सोडून देण्याइतका राग कोणाचाच नसतो.

शिवाय जाणार कोठे? गावोगावच्या मनोऱ्यांवर नजर टाका, एकाच लोखंडी सांगाड्यावर दोन-तीन कंपन्यांची यंत्रे टांगलेली दिसतील. वीज गेली आणि जनरेटरचे डिझेल संपले, की साऱ्यांची रेंज एकदमच जाते. गिऱ्हाईक हे ओळखून आहे.

ब्लॅकबेरीचा दाखलाही मला अर्धवट वाटतो. आयफोन २००७ मध्ये आला, अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ मध्ये आला, आणि २०११ पर्यंत बोटाने चालणाऱ्या काचेची लोकांना ओढ लागली होती. त्याच आठवड्यात, १४ ऑक्टोबरला, आयफोन ४एस विक्रीला आला. घर आधीच पोखरलेले होते. भिंत पडली त्या दिवशी पाऊस होता म्हणून सारा दोष पावसावर टाकू नये.

उलट बाजूचे उदाहरण तर आपल्या सर्वांच्या अनुभवातले आहे. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री व्हॉट्सॲप जवळपास सहा तास बंद होते. टेलिग्रामने सांगितले की त्या एका दिवसात त्यांच्याकडे सात कोटींहून अधिक नवे लोक आले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपले सुप्रभातचे फोटो कोठे पडले होते? व्हॉट्सॲपवरच.

केळीबागवाला, रावेर तालुका

सहा तास आणि चार दिवस यांना एकाच तराजूत घालू नका, भाऊ. शिवाय व्हॉट्सॲप सोडायचे तर सारे नातेवाईक आणि व्यापारी यांनाही सोबत न्यावे लागते. सिम मात्र मी एकटा बदलू शकतो आणि नंबर तोच राहतो. ब्लॅकबेरीच्या ग्राहकाला जो काही बंध होता तो तिच्या मेसेंजरचा होता, आणि तोच तीन दिवस तुटला. घर पोखरलेले होते हे मला मान्य आहे. पण पोखरलेल्या घरातही माणसे वर्षानुवर्षे राहतात. बाहेर पडायला काहीतरी निमित्त लागते. ॲपलची स्वतःची संदेशसेवा १२ ऑक्टोबरला, म्हणजे बिघाड चालू असतानाच लोकांच्या हाती पडली. जानेवारी २०१२ मध्ये ब्लॅकबेरीच्या दोन्ही प्रमुखांनी पदे सोडली.

बँक सखी, धडगाव

दादा, तुम्ही दोघेही निवड असलेल्या माणसांविषयी बोलत आहात. आमच्या पाड्यांवर एकाच कंपनीची रेंज येते, तीही टेकडीच्या एका अंगाला. येथे निष्ठा मोजायची कशी? जिला सोडताच येत नाही, तिच्याशी माणूस एकनिष्ठ असतो असे म्हणणे मला जड जाते.

पण एक गोष्ट सांगते. मी अंगठ्याच्या यंत्रावर लोकांना खात्यातले पैसे काढून देते. मागे पावसाळ्यात नेटवर्क पाच दिवस नव्हते. वरच्या पाड्यांवरून बायका दोन-दोन तास चालत येत, अंगठा लावत, यंत्रावर गोल चक्र फिरत राही, आणि त्या माझ्याकडे पाहत बसत. तिसऱ्या दिवशी एका आजीने मला विचारले, “पैसे तूच तर खर्चले नाहीस ना?” मी यंत्राची पावती दाखवली, परंतु ती वाचणार कोण? कंपनीचे नाव त्यांच्यापैकी कोणालाच माहीत नाही. त्यांना माझे तोंड माहीत आहे. नेटवर्क आल्यावर त्यांतल्या काही जणी माझ्याकडे पुन्हा आल्याच नाहीत, भाडे खर्चून त्या आता थेट बँकेत जातात. कंपनीचा एकही ग्राहक कमी झाला नाही. माझे झाले. धुळ्याच्या दादांच्या काउंटरवर हा हिशेब कोठे दिसणार आहे?

टेलिफोन खात्यातून निवृत्त, भुसावळ

ताईंचा मुद्दा मनाला लागला. मी थोडी कंपन्यांच्या बाजूने वकिली करतो, कारण तीस वर्षे शिव्या खाणाऱ्या बाजूला होतो.

बिघाड दुरुस्त होणे आणि सेवा पूर्ववत होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बाहेरून कळत नाही. ब्लॅकबेरीचा एक मुख्य स्विच, म्हणजे संदेश पुढे पाठवणारे यंत्र, बंद पडला, आणि अशा वेळी ज्या पर्यायी यंत्रणेने भार उचलायचा, तिने तो उचलला नाही, जरी तिची आधी चाचणी झालेली होती. मग संदेशांचा साठा तुंबत गेला. पाटाची फळी काढली तरी तुंबलेले पाणी एकदम ओसरत नाही, तसाच हा प्रकार असतो. स्विच चालू झाल्यावरही तुंबलेले संदेश वाहून जायला वेळ लागतो. ६ डिसेंबर २०१८ रोजी ब्रिटनमधील ओटू कंपनीची डेटासेवा दिवसभर गेली, ती यंत्रपुरवठादाराच्या सॉफ्टवेअरमधील एका प्रमाणपत्राची मुदत संपली म्हणून. ८ जुलै २०२२ रोजी कॅनडात रॉजर्स कंपनीची सेवा देशभर कोसळली, त्याचे कारण देखभालीच्या वेळी केलेला एक बदल. अशा वेळी ‘किती वाजता चालू होईल’ याचे उत्तर आतल्या माणसालाही ठाऊक नसते. म्हणून तो गप्प बसतो, आणि ग्राहकाला वाटते की हा लपवतो आहे.

तरीही केळीवाल्या भाऊंचे एक मला पटते. ‘केबल तुटली आहे, अमुक ठिकाणी, जोडणी चालू आहे, वेळ सांगता येत नाही’ एवढे वाक्य गावच्या दुकानदाराला कळवायला तंत्रज्ञान लागत नाही. आमच्या काळी लाइनमन सायकलवर येऊन तेवढे तरी सांगून जात असे. (अर्थात, तेव्हा जोडणीसाठीच वर्षानुवर्षे थांबावे लागे, त्यामुळे जुन्या काळाचे फार कौतुकही नको.)

मोबाइल दुकान, धुळे

रॉजर्सचे नाव काकांनी घेतले ते बरे झाले. त्या कंपनीमुळे कॅनडात डेबिट कार्डांचे व्यवहारही अडकले होते, म्हणजे आपल्या गावापेक्षा नुकसान कितीतरी मोठे. कंपनीने पाच दिवसांचे पैसे परत दिले आणि पुढच्या तिमाहीत तिचे मोबाइल ग्राहक घटले नाहीत, वाढलेच. याला तुम्ही काय म्हणाल?

आणि आता आपल्याकडेही नियम आहे. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, २०२४ च्या नियमांनुसार, जिल्हा पातळीवरील सेवा २४ तासांहून अधिक बंद राहिली तर पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सूट आणि प्रीपेड ग्राहकाला वाढीव मुदत द्यावी लागते. एप्रिल २०२५ पासून हे लागू आहे. पैसे परत मिळाले की राग उतरतो, हा माझा रोजचा अनुभव आहे.

केळीबागवाला, रावेर तालुका

नियम चांगला आहे, परंतु त्यातील ‘जिल्हा’ हा शब्द पुन्हा वाचा. आमचे एक गाव आणि आजूबाजूच्या दोन वस्त्या चार दिवस मुक्या झाल्या, त्याने जळगाव जिल्हा बंद पडला असे कोणी धरत नाही. चार दिवसांची मुदतवाढ मिळाली असती, तरी ती पंचवीस-तीस रुपयांची. माझ्या बागेतून परत गेलेल्या गाडीचा हिशेब त्यात बसत नाही.

पोर्टच्या आकड्याविषयीही थोडे सांगतो. नंबर हलवायचा तर आधी १९०० या क्रमांकावर संदेश पाठवून कोड मागवावा लागतो. नेटवर्कच नाही, तर संदेश जाणार कसा आणि कोड येणार कसा? म्हणजे राग ऐन भरात असतो तेव्हा दार बंद असते, आणि दार उघडते तेव्हा सेवाही चालू झालेली असते. तुमच्या काउंटरवर दहांपैकी दोघेच का येतात, त्याचे थोडे उत्तर येथेही आहे.

मोबाइल दुकान, धुळे

हे मात्र मला मान्य करावे लागेल, भाऊ. पण मग एका प्रश्नाचे खरे उत्तर द्या. तुमच्या फोनमध्ये दुसरे सिम कोणत्या कंपनीचे आहे?

केळीबागवाला, रावेर तालुका

पकडलेत. त्याच जुन्या कंपनीचे आहे. वावरात तिचीच रेंज लागते, म्हणून नवे घ्यावे लागले. तुमच्या वहीत मी आजही तिचा ग्राहक आहे. फरक इतकाच की, पूर्वी मी वर्षाचा प्लॅन एकदम भरत असे, घरातील चारही नंबर तिचेच होते, आणि मजुरांना सिम घ्यायचे असले की मी त्याच दुकानात पाठवत असे. आता सर्वांत स्वस्त रिचार्ज मारतो, तेही संपल्यावर दोन दिवसांनी आठवण झाली तर. आणि व्यापाऱ्याकडे तो नंबर दिलेला नाही.