मदत हवी आहे: मृतदेह सापडत नाही म्हणून खुनाचा गुन्हा दाखल होत नाही, पुढे काय करायचं?

खाडीपलीकडे:
दापोली तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावातली विवाहित मुलगी सव्वा महिन्यापासून बेपत्ता आहे. मिसिंगची नोंद आठव्या दिवशी झाली, तीही माहेरच्यांनी केली. नवरा म्हणतो, भांडून मुंबईला गेली. फोन त्याच रात्रीपासून बंद, दागिने आणि बँकेचं कार्ड घरातच. तिसऱ्या दिवशी माजघर नव्याने सारवलेलं शेजारणीने पाहिलं आहे. पोलीस ठाण्यात एकच उत्तर मिळतं, 'बॉडी नाही तर खून कसला?' मुलीच्या भावाला विचारायचं आहे की हे खरं आहे का, आणि सात वर्षं थांबावं लागतं का? जाणकारांनी कृपया सांगावं.

कोर्टकचेरी:
खरं नाही. मृतदेह मिळालाच पाहिजे असं कायद्यात कुठेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने रामानंद विरुद्ध हिमाचल प्रदेश (1981) आणि सेवका पेरुमल (1991) या निकालांत हे स्पष्ट केलं आहे. लांब कशाला, पनवेलचं अश्विनी बिद्रे प्रकरण बघा. त्या स्वतः पोलीस अधिकारी होत्या. एप्रिल 2016 मध्ये बेपत्ता झाल्या, वसईच्या खाडीतून मृतदेह कधीच मिळाला नाही, तरी एप्रिल 2025 मध्ये पनवेलच्या सत्र न्यायालयाने एका पोलीस निरीक्षकाला जन्मठेप दिली. मात्र गुन्हा नोंदायलाच जानेवारी 2017 उजाडला होता. तुमच्याकडे तेवढा वेळ जाऊ देऊ नका.

सात वर्षांचा नियम (आता साक्ष्य अधिनियमाचं कलम 111) वारसा, विमा, मालमत्ता यांसाठी. फौजदारी तपासाला तो लागू नाही.

सिद्ध दोन गोष्टी करायच्या असतात. ती जिवंत नाही, आणि मृत्यू याच माणसाच्या हातून झाला. पहिली गोष्ट लोक गृहीत धरतात आणि तिथेच खटले पडतात. 'मेलेला' माणूस परत आल्याची उदाहरणं असल्यामुळे न्यायालय इथे फार सावध असतं. म्हणून तिच्या नावावरचा प्रत्येक व्यवहार तपासून घ्या: बँक खातं, रेशनवरचा अंगठा, गॅसचं बुकिंग, नवं सिमकार्ड, मुंबईतल्या नातेवाइकांचे जबाब. बेपत्ता झाल्यापासून कुठेच हालचाल नाही, हाच मृत्यूचा पुरावा होत जातो.

आत्ता करायचं ते असं. भावाने लेखी तक्रार द्यावी. त्यात शेवटचं कोणी, कुठे, किती वाजता पाहिलं, सारवण कोणी पाहिलं, आधी मारहाण होत होती का, हे तारखांसह लिहावं. संशयाला आधार काय तेही लिहावं. पोच घ्यावी. गुन्हा नोंदला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना तक्रार पाठवा. तिथेही काही झालं नाही तर शपथपत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे कलम 175(3) खाली अर्ज. अधीक्षकांची पायरी गाळली की अर्ज तिथेच अडकतो. कलमं मागा ती न्याय संहितेची: खून 103, पुरावा नष्ट करणं 238. जुनं 302 आणि 201 हे 1 जुलै 2024 पूर्वीच्या घटनांना.

'घरातलं घरच्यालाच माहीत', म्हणजे घरात काय घडलं याचा खुलासा घरच्याने द्यायचा, हा मुद्दाही (साक्ष्य अधिनियमाचं कलम 109, जुनं 106) उपयोगी आहे. त्रिमुख मारोती किरकन (2006) निकाल वाचा. पण ती त्या रात्री त्याच घरात होती हे आधी तुम्ही दाखवायचं असतं. नवऱ्याच्या गप्प बसण्यावर शिक्षा होत नाही.

ओहोटी:
खाडीचं सांगतो. प्रेत ओहोटीबरोबर बाहेर गेलं तर ते गुहागरकडे लागू शकतं, हर्णैकडे किंवा थेट श्रीवर्धनलाही. म्हणून एकाच ठाण्याच्या भरवशावर राहू नका. रत्नागिरी आणि रायगड, दोन्ही जिल्ह्यांतल्या सागरी पोलीस ठाण्यांचे अकस्मात मृत्यूचे रजिस्टर त्या तारखेपासून तपासावेत अशी लेखी मागणी करा. आई-वडिलांच्या रक्ताचे नमुने डीएनएसाठी आत्ताच घ्यायला लावा. नंतर एखादं हाड जरी मिळालं तरी ओळख पटवता येते. डोलवाल्या मच्छीमारांना विचारा, जाळ्यात काही आलं का.

टॉवर लोकेशनवर आंधळा विश्वास नको. पाण्यावरून सिग्नल लांब जातो, त्यामुळे दाभोळला उभ्या माणसाचा फोन पलीकडच्या धोपाव्याचा टॉवर पकडू शकतो. फेरीबोटीच्या धक्क्यावरचं सीसीटीव्ही जास्त मोलाचं, पण बहुतेक रेकॉर्डर काही आठवड्यांत जुनं पुसून नवं भरतात. सव्वा महिना झाला आहे, आजच पत्र द्या. कॉल रेकॉर्ड कंपन्यांकडे दोन वर्षं असतात, तिथे थोडी सवड आहे.

सारवलेली जमीन खरवडायची झाली तर ती फक्त फॉरेन्सिकवाल्यांनी, पंचांसमोर. चिऱ्याच्या भोकांत आणि सारवणाखालच्या थरात रक्त मुरतं. रक्ताचा माग काढायचं रसायन, ल्युमिनॉल, ब्लीचिंग पावडरवरही चमकतं, आणि ती आपल्याकडे विहिरीसाठी घरोघर असते. म्हणून नुसती चमक पुरत नाही, माणसाचं रक्त आणि डीएनए दोन्ही चाचण्या हव्यात. नमुना सावलीत वाळवून कागदाच्या पाकिटात जायला हवा. प्लास्टिकच्या पिशवीत आपल्या दमट हवेत बुरशी धरते आणि डीएनए जातो.

खाडीपलीकडे:
खूप आधार वाटला. नवऱ्याचा एक ऑडिओ मेसेज भावाच्या फोनवर आहे. पेन ड्राइव्हवर घेऊन दिला तर चालेल का? आणि भाऊ म्हणतो, त्याच्या घरी जाऊन एकदा विचारून येतो.

कोर्टकचेरी:
घरी अजिबात जाऊ देऊ नका. भावाच्या पायाचा ठसा, हाताचा स्पर्श, झालेली बाचाबाची, सगळं बचाव पक्षाला आयतं मिळेल.

मेसेज पुसू नका, फोन रिकव्हरीच्या दुकानात देऊ नका. मूळ फोनच पंचनाम्याने जप्त करायला द्या आणि पावती घ्या. प्रत दिली तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63(4) चं प्रमाणपत्र लागतं, त्याचा एक भाग फोन वापरणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, हॅश व्हॅल्यूसह (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक आकडा).

अजून एक. पोलिसांसमोर दिलेली कबुली न्यायालयात चालत नाही. तिच्यावरून एखादी वस्तू सापडली, कोयता म्हणा किंवा मंगळसूत्र, तर तेवढाच भाग (साक्ष्य अधिनियमाचं कलम 23) ग्राह्य धरतात. त्यामुळे जप्तीच्या वेळी चित्रीकरण झालं का, पंच गावातले आहेत की पोलिसांचे नेहमीचे, याकडे भावाने लक्ष ठेवावं. उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर रत्नागिरीसाठी आता कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, मुंबई नाही. सोमवारी अधीक्षकांच्या कार्यालयात जाताना मिसिंग नोंदीची प्रत आणि तक्रारीची पोच, दोन्हींच्या तीन-तीन झेरॉक्स सोबत ठेवा.