मदत हवी आहे: बोटीवरचा दाबाचा अल्कोहोल स्टोव्ह दुरुस्त करावा की बदलावा?

सर्वांना नमस्कार. मी अमेरिकेत मेरीलँड राज्यात राहतो. आम्ही काही मित्रांनी मिळून चेसापीक उपसागरात फिरण्यासाठी १९८० च्या सुमाराची एक २७ फुटी शिडाची बोट घेतली असून तिच्यात मूळचाच दोन बर्नरचा, दाबावर चालणारा अल्कोहोल स्टोव्ह आहे. रचना आपल्याकडच्या पंपाच्या रॉकेल स्टोव्हसारखीच आहे. टाकीला हातपंप आहे आणि बर्नर तापल्याशिवाय इंधनाची वाफ होत नाही. फक्त काकडा लागत नाही; किल्ली किंचित उघडून बर्नरखालच्या वाटीत थोडे स्पिरिट उतरवायचे, किल्ली बंद करून ते पेटवायचे आणि ते विझत आले की किल्ली पुन्हा उघडायची.

टाकीत दाब टिकत नाही, आणि पंपाचा दांडा दाबून सोडला की तो आपोआप बाहेर सरकतो. डाव्या बर्नरच्या किल्लीच्या मुळाशी सतत ओल दिसते. शिवाय उजवा बर्नर व्यवस्थित निळा जळत असताना डावा मात्र तापवून घेतल्यानंतरही पिवळा, वीतभर उंच भडका मारतो. हे मॉडेल केव्हाच बंद झाले आहे आणि माहितीपुस्तिकाही मिळालेली नाही. सिलिंडरसाठी बोटीबाहेर निचरा होणारा स्वतंत्र कप्पा नसल्यामुळे, आणि गळलेला गॅस हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचत असल्यामुळे, गॅसचा विचार आम्ही सोडला आहे.

हा स्टोव्ह दुरुस्त करण्याजोगा आहे का, इंधन नेमके कोणते घ्यावे आणि केबिनमध्ये पेटवताना कोणती काळजी घ्यावी, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

किल्लीशी ओल आहे तोवर स्टोव्ह पेटवू नये, अशी पहिली विनंती. भर उजेडात स्पिरिटची ज्योत जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे गळलेले थेंब खाली पेटले तरी ते वेळेवर कळेलच असे नाही.

दांडा बाहेर येतो, याचा अर्थ पंपाच्या तळाचा एकमार्गी व्हॉल्व्ह टाकीतला दाब परत सोडतो आहे. चामडी वायसर नुसते सुकले असते तर दांडा आत जाताना पोकळ लागला असता. व्हॉल्व्हमधली रबरी चकती कडक झाली असावी. नवी घेताना अल्कोहोलला टिकणारे रबर, उदाहरणार्थ ईपीडीएम, निवडा. किल्लीच्या मुळाशी पॅकिंगचा नट असतो, तो अगदी थोडा आवळून पाहा. ओल थांबली नाही तर आतले पॅकिंग बदला. ग्राफाइटचे चांगले चालते.

दोन्ही बर्नरना एकाच टाकीतून इंधन मिळते आणि उजवा ठीक जळतो, तेव्हा भडक्याचे कारण डाव्या बर्नरमध्येच शोधायला हवे. बर्नर पूर्ण थंड झाल्यावर वाटी नीट भरून एकदा पुरता तापवा आणि पाहा. ज्योत निळी झाली तर आधीचे तापवणे अपुरे होते आणि वाफेऐवजी द्रव बाहेर पडत होता. तरीही पिवळीच राहिली तर नोजल तपासा. वर्षानुवर्षे जाड पिन मारून छिद्र रुंदावले असेल, तर नोजल बदलण्याखेरीज उपाय नाही. अर्थात, ही चाचणी गळती बंद झाल्यानंतरच करायची.

गळतीसाठी टाकी रिकामी करून धुवा, तिच्यात नुसती हवा भरा आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावा. बुडबुडे टाकीच्याच जोडातून आले तर ती टाकी सरळ टाकून द्या. स्पिरिटच्या टाकीला डाग देऊन सांधण्याच्या फंदात कोणी पडू नये.

इंधनाबाबत सांगायचे तर हार्डवेअरच्या दुकानातला डिनेचर्ड अल्कोहोल (पिण्यास अयोग्य केलेले स्पिरिट) घेण्यापूर्वी त्याचे सुरक्षा माहितीपत्रक वाचावे, कारण काही डब्यांत मिथेनॉलचे प्रमाण निम्म्याच्या आसपास असते. मिथेनॉल विषारी आहे आणि त्याची उष्णताही कमी असते. इथेनॉल भरपूर असलेले, स्टोव्हसाठी म्हणून विकले जाणारे इंधन महाग पडले तरी तेच घ्यावे. आयसोप्रोपिल काजळी धरते.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे. पंप उघडलाच आहे तर चामडी वायसरही तेलात भिजवून मऊ करून घ्यावे, पण खनिज तेलाने ईपीडीएम फुगते, म्हणून जादा तेल पुसून मगच पंप जोडावा. लहानपणी घरचे स्टोव्ह उघडताना हा प्रश्न कधी आला नव्हता, कारण तेव्हा ईपीडीएम कोणाला ठाऊक होते!

धागाकर्ता

दोघांचेही आभार. आमच्यातल्या एकाचे म्हणणे असे आहे की स्पिरिटची आग पाण्याने विझते, त्यामुळे एवढी चिंता करण्याचे कारण नाही. हे कितपत खरे आहे? आणि बिनदाबाचा स्टोव्ह घेतला तर भडक्याची भीती उरत नाही का?

प्रतिसाद १

स्पिरिट पाण्यात मिसळते, म्हणून पाण्याने आग विझते हे खरे. पण त्यासाठी पाणी भरपूर लागते. पेलाभर पाणी जोरात फेकले तर जळते स्पिरिटच पसरते आणि फळ्यांच्या फटींतून खाली उतरते. हाताशी अग्निरोधक चादर आणि कोरड्या पावडरचे अग्निशामक ठेवा, तेही स्टोव्हच्या पलीकडे नव्हे, तर बाहेर पडण्याच्या वाटेवर.

माझे मत विचाराल तर टाकी धड असली तरच दुरुस्तीला हात घालावा, नाहीतर बिनदाबाचा स्टोव्ह घ्यावा. स्वीडिश बनावटीचा ओरिगो ३००० आता नवा बनत नाही, पण वापरलेला मिळतो. त्याच्या डब्यात इंधन शोषून धरणारा भराव असतो, त्यामुळे बोट कलंडली तरी ते सांडत नाही. प्रत्येक डब्यात साधारण १.२ लिटर मावते. डबा स्टोव्हबाहेर काढून, पूर्ण थंड झाल्यावर, तिरका धरून भरावा आणि जाळीशी द्रव दिसताच थांबावे; जास्त झालेले ओतून काढावे. इथेही धोका भरण्याच्या वेळीच असतो, कारण गरम डब्यात किंवा ज्योत विझली असे समजून ओतलेले इंधन थेट बाटलीपर्यंत पेट घेते. वापर नसताना तोंडावर रबरी झाकण ठेवावे, नाहीतर इंधन उडून जाते.

स्टोव्ह कोणताही असो, पेटवताना केबिनचे झाकण उघडे ठेवा आणि कार्बन मोनॉक्साइडची घंटा बसवा. लिटरभर इथेनॉल जळले की ९०० ग्रॅमहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने केबिनमध्ये येते, म्हणून थंडीत ऊब मिळवण्यासाठी तो पेटता ठेवला तर अंथरुणे ओली होतील. चहाला मात्र वेळ लागेल, कारण लिटरमागे स्पिरिटची उष्णता रॉकेलच्या साधारण ६० टक्केच असते.