ब्रेक मी दाबला नव्हता. मग त्या मुलाला पाडले कोणी?

तिलकनगरकर (प्रश्न)

नमस्कार. गेल्या महिन्यात इंदूरच्या रिंग रोडवर, बंगाली चौराह्याच्या अलीकडे घडलेला एक प्रसंग आधी सांगतो, कारण प्रश्न त्यातूनच निघाला आहे. आमच्या नव्या मोटारीत समोर अडथळा आला की आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा आहे. डावीकडून एक कुत्रे धावत रस्त्यावर आले आणि माझा पाय ब्रेककडे जाण्याआधीच मोटारीने करकचून ब्रेक लावला. कुत्रे वाचले, मागून येणारा स्कूटरवरचा मुलगा मात्र आमच्या बंपरवर आदळून पडला. हेल्मेट होते, म्हणून कोपर सोलवटण्यावर निभावले. उठून तो म्हणाला, "अंकल, कुत्ते के लिए ब्रेक मारा?" मी "मैंने नहीं मारा" असे म्हणालो आणि म्हणता म्हणताच मला त्या उत्तराची लाज वाटली.

घरी हे सांगितल्यावर नातीने मला अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने २०१६ साली सुरू केलेला एक प्रयोग मोबाइलवर दाखवला. ब्रेक निकामी झालेली स्वयंचलित मोटार कोणावर जाऊ द्यायची, हे त्यात आपण निवडायचे असते. २३३ देश-प्रदेशांतल्या लोकांनी दिलेले जवळजवळ चार कोटी निर्णय त्यात गोळा झाले होते. एक म्हातारा आणि एक मूल यांतून निवडायची वेळ आली तेव्हा मी मुकाट्याने स्वतःच्या वयाविरुद्ध मत दिले, आणि नातीने मोबाइल काढून घेतला.

माझा प्रश्न असा: उद्या पूर्णपणे चालकाविना चालणाऱ्या मोटारी आल्या, तर असे निर्णय त्यांना आधीच शिकवून ठेवणे न्याय्य आहे का, आणि जीव गेल्यास त्याचे उत्तर कोणी द्यायचे?

पीथमपूरकर

काका, मी वाहनांच्या ब्रेक-नियंत्रणाचे काम करतो. त्या खेळातला प्रसंग आमच्या टेबलावर कधी येत नाही. सेन्सरला म्हातारा, मूल, डॉक्टर असे कोणी दिसत नाही. त्याला ठिपक्यांचा एक पुंजका, त्याचा वेग आणि तो माणूस असण्याची शक्यता एवढेच कळते.

खरी हकीकत पाहायची तर १८ मार्च २०१८ ची पाहावी. अ‍ॅरिझोनातल्या टेंपी शहरात उबरच्या चाचणीतील मोटारीने रात्री सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईंचा जीव घेतला. त्या बाई धडकेच्या ५.६ सेकंद आधीच यंत्रणेला दिसल्या होत्या, असे तपासात आढळले. पण ती त्यांना कधी वाहन, कधी सायकल, कधी 'इतर' समजत राहिली, आणि प्रत्येक वेळी हे नाव बदलले की आधीच्या हालचालीची नोंद बाजूला पडून अंदाज नव्याने सुरू होई. क्रॉसिंग सोडून भलतीकडूनच कोणी पायी रस्ता ओलांडील, ही शक्यता तिच्यात धरलेलीच नव्हती (इंदुरात राहणाऱ्याने हे वाक्य पुन्हा वाचावे). धडक आता टळत नाही हे कळल्यावरसुद्धा खोट्या इशाऱ्यांवर उगाच ब्रेक लागू नयेत म्हणून एक सेकंद काहीच न करण्याची सोय होती, आणि मोटारीचे मूळचे आपत्कालीन ब्रेक संगणक चालवत असताना बंद ठेवलेले होते. तिथे एका बाजूला पाच आणि दुसऱ्या बाजूला एक, असा काही पेचच नव्हता. निर्णय झाला होता तो फार आधी, कोणीतरी ऑफिसात बसून तो एक सेकंद लिहिला तेव्हा.

वेगाचेही तेच. कोरड्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार ब्रेक लागल्यापासून सुमारे २० मीटरवर थांबते, ताशी ४० असेल तर ९ मीटरच्या आसपास. थांबलेल्या सिटी बसच्या आडून कोणी धावत येईल असे धरून आधीच किती हळू व्हायचे, म्हणजे आत बसलेल्यांच्या किती मिनिटांच्या बदल्यात बाहेरच्या माणसाला किती मीटर द्यायचे, हा आमचा रोजचा प्रश्न आहे आणि तो कोणी खेळात विचारत नाही. आपल्या मोटारीतली यंत्रणा बहुधा फक्त पुढे पाहते. मागचा मुलगा तिच्या हिशेबातच नसावा.

सुलभा (वकील, पलासिया)

पीथमपूरकरांचे बरेचसे पटते, पण पेच काल्पनिक आहे हे पटत नाही. अनावर सुटलेली ट्राम पाच जणांवर जाऊ द्यायची की दुसऱ्या रुळावर वळवून एकावर, हे प्रसिद्ध उदाहरण फिलिपा फूट या तत्त्वचिंतक बाईंनी १९६७ साली मांडले. आपल्याकडे त्याच जातीचे उदाहरण १८६० च्या दंडसंहितेत, कलम ८१ खाली, छापलेले आहे. जहाज तसेच पुढे गेले तर वीस-तीस उतारूंची होडी बुडणार आणि वळवले तर दोन उतारूंच्या होडीला धोका, अशा स्थितीत सापडलेल्या कप्तानाने पहिल्या होडीतल्या लोकांना वाचवण्यासाठी सद्भावनेने जहाज वळवले तर तो गुन्हेगार ठरत नाही. हीच तरतूद आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १९ मध्ये आहे.

मात्र त्या उदाहरणात एक अट आहे, आणि माझ्या मते सगळे त्या अटीतच आहे: कप्तान त्या स्थितीत स्वतःच्या कोणत्याही चुकीशिवाय किंवा निष्काळजीपणाशिवाय आलेला असला पाहिजे. म्हणजे मोटारीने शेवटच्या क्षणी कोणाला निवडले हे विचारण्याआधी ती तिथे त्या वेगाने का होती हे विचारावे लागेल, आणि मग आपण पीथमपूरकरांच्या ऑफिसातच जाऊन पोहोचतो. शिवाय कप्तानाला कायदा सांभाळून घेतो तो अचानक सापडलेला माणूस म्हणून; दोन वर्षे आधी शांतपणे चहा घेत 'थोड्यांवर जाऊ द्यावी' असे लिहून ठेवणाऱ्याला ती सवलत कशी द्यायची? जर्मनीत स्वयंचलित मोटारींसाठी नेमलेल्या नीतिशास्त्र आयोगाने २०१७ मध्ये वीस नियम दिले. वय, लिंग, शरीराची वा मनाची स्थिती यांवरून माणसामाणसांत निवड करण्यास त्यांत सक्त मनाई आहे. एकूण इजा कमी व्हावी अशी सर्वसाधारण रचना चालू शकते, परंतु ज्याचा त्या धोक्याशी संबंध नाही अशा तिसऱ्याचा बळी देता येत नाही. काका, आपण खेळात दिलेले मत तिकडे बेकायदा ठरले असते.

आता उत्तर कोणी द्यायचे? नुकसानभरपाईपुरती वाट आहे: मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ नुसार कोणाची चूक होती हे सिद्ध न करता मृत्यूबद्दल पाच लाख रुपये मिळू शकतात, आणि सदोष वस्तूबद्दल उत्पादकाला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जबाबदार धरता येते. शिक्षेचा प्रश्न निराळा. टेंपीच्या प्रकरणात कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही. मोटारीत देखरेखीसाठी बसवलेल्या, त्या वेळी मोबाइलकडे पाहणाऱ्या चालक बाईंनी २०२३ मध्ये गुन्हा कबूल केला आणि त्यांना तीन वर्षांचे प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली राहणे) मिळाले. सगळ्यांत खालच्या पगाराच्या माणसापाशी जबाबदारी येऊन थांबली, हे मला खटकते.

व्यवहारी

२०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, आणि ती माणसांनीच चालवलेल्या वाहनांमुळे. यंत्राने त्यातली निम्मी जरी वाचवली तरी मी होड्या मोजत बसणार नाही. तसेही चालकांचा रोजगार जाईल म्हणून अशा मोटारी येऊ देणार नाही, असे गडकरी यांनी जाहीरपणे सांगितले आहे.

पीथमपूरकर

वाचवली तर, हे खरे. पण वाचणारे आणि मरणारे तेच नसतील. मोटारीतले वाचले आणि सायकलवाले तेवढेच राहिले, तरी बेरीज चांगलीच दिसेल.

रामबागकर

राजवाड्याजवळचा आडा बाजार सगळ्यांनी पाहिला आहे. मालेरावांच्या रथाखाली वासरू मेले. अहिल्याबाईंनी मुलालाच रथाखाली घालण्याची शिक्षा दिली, रथ हाकायला कोणी सारथी पुढे येईना, तेव्हा त्यांनी स्वतः लगाम हाती घेतला आणि त्या वासराची गाय पुन्हा पुन्हा आडवी आली, अशी दंतकथा आहे. इतिहास म्हणून ती कोणी सांगू नये. पण त्या गोष्टीत 'घोडे उधळले होते' असे कोणी म्हणत नाही, आणि सारथ्यांना नकार देता येतो. सुलभाताईंनी सांगितलेल्या त्या चालक बाईंना तो देता आला असता का?

तिलकनगरकर

सर्वांचे आभार. पीथमपूरकरांचे वाचून मोटारीचे पुस्तक उघडले. यंत्रणेने किती लवकर जागे व्हावे यासाठी 'लवकर', 'मध्यम' आणि 'उशिरा' असे तीन पर्याय निघाले. आमची मोटार पहिल्या दिवसापासून 'लवकर'वर होती आणि मला ते कोणी सांगितले नव्हते, मीही विचारले नव्हते. काल ते 'मध्यम'वर केले. नंतर शाळा सुटायची वेळ आठवली आणि पुन्हा 'लवकर' केले. त्या मुलाचा नंबर मी तेव्हा घेतला होता. आज फोन करून कोपराची चौकशी केली आणि ब्रेक माझ्याच मोटारीने लावला होता, एवढे सांगितले.