सॅटेलाइटवरून ओझोन मोजतात ते नेमकं कसं?

निंबूपाणी: ओझोन जास्त करून 15-30 किमीवर, सॅटेलाइट शेकडो किमीवर, मग वरून बघून किती आहे ते कसं कळतं? आणि यूव्हीच (अतिनील किरण) का?

खगोलवेडा: ओझोन यूव्ही शोषतो पण सगळ्या तरंगलांबीला सारखा नाही, 312 नॅनोमीटरला बराच, 331 ला कमी, 360 च्या पुढे जवळपास नाहीच. सूर्यप्रकाश खाली जातो, हवेवरून नि ढगांवरून विखरून परत वर येतो, तो मोजायचा, थेट सूर्याच्या प्रकाशाशी ताडून बघायचा, मग जवळजवळच्या दोन तरंगलांबींचं गुणोत्तर काढलं की ढग-बिग बरेचसे कटाप होतात नि ओझोनचा परिणाम उरतो. नासाच्या निंबस-7 सॅटेलाइटवरचं टॉम्स नावाचं यंत्र 1978 पासून हेच करायचं.

पोस्टमनकाका: उत्तर डॉब्सन युनिटमध्ये येतं, म्हणजे डोक्यावरचा एकूण ओझोन मोजायचं एकक. 300 डॉब्सन म्हणजे सगळा ओझोन जमिनीवरच्या दाबाला नि शून्य डिग्रीला आणला तर थर फक्त 3 मिमी! एवढ्यावर आपण जगतोय राव

निंबूपाणी: भारीच. मग अंटार्क्टिकावरचं ओझोनचं भोक (तिथे ओझोन फार कमी झालाय ते) नासाला आधी का नाही दिसलं? डेटा फेकून दिला म्हणे

खगोलवेडा: फेकला नव्हता हो, ही दंतकथा लोक उगाच फिरवतात. 180 डॉब्सनच्या खालचे आकडे संशयास्पद म्हणून फ्लॅग व्हायचे, तपासणी चालू होती, तेवढ्यात मे 1985 मध्ये फारमन, गार्डिनर, शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकातल्या हॅली बे तळाच्या जमिनीवरच्या यंत्राचे आकडे छापले. भोक खंडभर पसरलंय हे मात्र टॉम्सच्याच नकाशांनी दाखवलं.

पोस्टमनकाका: आणि ध्रुवावरच्या लांबलचक रात्री ही पद्धत ठप्प, ऊनच नाही तर मोजणार काय. तिथे हवेतून स्वतःहून निघणारं इन्फ्रारेड वगैरे मोजावं लागतं, त्याला ऊन लागत नाही.