मदत हवी आहे : झिंक ऑक्साइडच्या सपोझिटरी मऊ पडतात आणि आठांच्या मापात सहाच भरतात

नमस्कार. मी विदर्भातील एका महाविद्यालयात बी. फार्म.च्या पहिल्या वर्षाला आहे आणि सुट्टीच्या दिवशी गावातल्या एका मेडिकलमध्ये मदतीला बसतो. झिंक ऑक्साइडच्या सपोझिटरी (गुदद्वारातून आत सरकवायच्या औषधी कांड्या) तयार करण्याच्या प्रॅक्टिकलमध्ये आमच्या संपूर्ण बॅचला एकसारखीच अडचण येत आहे आणि परीक्षा तोंडावर आली आहे, म्हणून जाणकारांपुढे सगळा तपशील मांडत आहे.

प्रत्येकी ३०० मिलिग्रॅम झिंक ऑक्साइड असलेल्या सहा सपोझिटरी सादर करायच्या असतात. साचा १ ग्रॅमचा आहे. भांड्याला चिकटून वाया जाणारे मिश्रण धरून आम्ही आठांचे माप घेतो, म्हणजे २.४ ग्रॅम झिंक ऑक्साइड आणि, एका ग्रॅममधून औषधाचे ०.३ ग्रॅम वजा करून, प्रत्येकी ०.७ याप्रमाणे ५.६ ग्रॅम कोको बटर. वरच्या वर्गाकडून आमच्याकडे आलेल्या जर्नलमध्येही हाच हिशेब आहे. कोको बटर किसून पोर्सेलीनच्या डिशमध्ये घ्यायचे, वॉटर बाथवर पूर्ण पातळ आणि पारदर्शक होऊ द्यायचे, त्यात झिंक ऑक्साइड ढवळायचे आणि लिक्विड पॅराफिनचा हात फिरवलेल्या साच्यात ओतून साचा फ्रीजरमध्ये ठेवायचा, अशी आमची पद्धत आहे.

एवढे करूनही सहावी खाच भरता भरता मिश्रण संपते. ज्या भरतात त्यांचे वजन १.३ ग्रॅमच्या आसपास येते. त्या साच्यातून सुटत नाहीत, ओढून काढल्या तर मधोमध तडकतात, आणि टोकाकडचा भाग पांढराफटक तर बुडाकडचा पिवळसर दिसतो. सर्वांत कोड्यात टाकणारी गोष्ट अशी की, सकाळच्या सत्रात खोलीचे तापमान २८ अंशांच्या आसपास असतानाही या सपोझिटरी तासाभरात बोटाला चिकटू लागतात, आणि त्याच वेळी बरणीतले तेच कोको बटर मात्र सुरीने खरवडावे लागेल इतके घट्ट असते. माल भेसळीचा असावा असे आमच्यापैकी काहींचे मत आहे. मला ते पटत नाही, पण दुसरे कारणही सापडत नाही.

याच विषयाला लागून आणखी एक प्रश्न विचारतो. मेडिकलमध्ये लहान मुलांच्या तापासाठी पॅरासिटामॉलच्या सपोझिटरी नेणारे पालक उन्हातून घरी जाईपर्यंत त्या पातळ झाल्याचे सांगत परत येतात. फ्रीजमध्ये ठेवून पुन्हा घट्ट झालेली सपोझिटरी वापरावी का, आणि मोठी आणली असेल तर अर्धी कापून चालेल का, हे दोन प्रश्न हमखास येतात. दुकानाचे फार्मासिस्ट त्यांना उत्तर देतातच, परंतु त्यामागचे कारण मला समजून घ्यायचे आहे.

प्रतिसाद

तुम्ही आकडे दिलेत हे फार बरे केले, कारण आजार त्या आकड्यांतच दिसतो आहे. कोको बटरवर संशय घेण्याचे कारण नाही.

आधी वजनाचे पाहू. साचा वजन मोजत नाही, तो आकारमान मोजतो. एका ग्रॅमचा साचा म्हणजे ज्याच्या खाचेत सुमारे १ ग्रॅम कोको बटर मावते असा साचा. तोही प्रत्यक्षात थोडा कमीजास्त असतो, म्हणून निव्वळ बेसच्या, म्हणजे औषध न घातलेल्या कोको बटरच्या, सपोझिटरी एकदा ओतून, त्यांचे सरासरी वजन काढून साचा कॅलिब्रेट करून घ्यायला हवा. झिंक ऑक्साइड कोको बटरपेक्षा कितीतरी जड असल्यामुळे तेवढ्याच वजनाला ते फार थोडी जागा घेते. त्याची डिस्प्लेसमेंट व्हॅल्यू ४.७ आहे, म्हणजे ४.७ ग्रॅम झिंक ऑक्साइड १ ग्रॅम कोको बटरची जागा व्यापते. तुम्ही वजनाला वजन वजा केलेत आणि जणू ती व्हॅल्यू १ आहे असे धरलेत. इक्थॅमॉल या औषधाच्या बाबतीत हा हिशेब खपून गेला असता, कारण त्याची व्हॅल्यू खरोखरच १ च्या जवळपास आहे.

तुमच्या मापात २.४ ग्रॅम औषधाने २.४ भागिले ४.७, म्हणजे ०.५१ ग्रॅम बेसचीच जागा घेतली. ५.६ ग्रॅम कोको बटर मिळवून साच्याच्या हिशेबाने ६.११ ग्रॅमचा माल झाला. त्यातले थोडे डिशला चिकटले, म्हणून सहावी खाच अर्धवट राहिली. एकूण ८ ग्रॅम वजन या ६.११ खाचांत विभागले तर प्रत्येकी १.३१ ग्रॅम येते, आणि तुम्हालाही तेच आले. पण यातली गंभीर बाब पुढे आहे : अशा प्रत्येक सपोझिटरीत ३०० ऐवजी जवळजवळ ३९० मिलिग्रॅम औषध गेले. झिंक ऑक्साइडमुळे कुणाला इजा होणार नाही, मात्र हाच हिशेब एखाद्या तीव्र औषधाला लावला तर रुग्णाच्या जिवावर बेतेल. बरोबर माप असे : आठांसाठी ८ वजा ०.५१, म्हणजे ७.४९ ग्रॅम कोको बटर आणि २.४ ग्रॅम झिंक ऑक्साइड. प्रत्येक सपोझिटरीचे अपेक्षित वजन १.२४ ग्रॅमच्या आसपास येईल. साचा १ ग्रॅमचा असूनही ते १ ग्रॅमपेक्षा जास्त का, हा प्रश्न व्हायवामध्ये (तोंडी परीक्षेत) हमखास विचारतात.

आता मऊ पडण्याचे. कोको बटर तुपासारखे वाटेल तसे वितळवून थिजवता येत नाही. त्याचे स्फटिक एकाहून अधिक प्रकारचे बनतात. टिकाऊ बीटा प्रकार ३४ ते ३५ अंशांना वितळतो; अल्फा प्रकार सुमारे २४ अंशांना आणि गॅमा त्याहूनही कमी तापमानाला पातळ होतो. कोको बटर ३६ अंशांच्या वर तापवून पूर्ण पारदर्शक केले की त्यातले बीटा प्रकाराचे सगळे बारीक स्फटिक नाहीसे होतात. मग तुम्ही ते एकदम फ्रीजरमध्ये ढकललेत की जुने वळण लावायला कोणी उरलेले नसते आणि कमी तापमानाला वितळणारे प्रकार तयार होतात. बरणीतला माल बीटा प्रकारात आहे, म्हणून तो २८ अंशांना घट्ट आहे. तुमची सपोझिटरी नाही, म्हणून ती चिकटते. ती काही दिवसांनी आपोआप टिकाऊ प्रकारात परतते, पण परीक्षेत तेवढा अवधी कोण देणार?

उपाय सोपा आहे, फक्त घाई आवरावी लागते. वॉटर बाथचे पाणी उकळते नको, जेमतेम कोमट हवे. किसलेल्या कोको बटरचा सुमारे दोन तृतीयांश भाग पातळ झाला की डिश बाहेर काढा आणि उरलेला कीस ढवळत ढवळत डिशच्याच उष्णतेवर वितळू द्या. मिश्रण आरपार दिसणारे तेल होता कामा नये, दाट मलईसारखे अपारदर्शक राहिले पाहिजे. झिंक ऑक्साइड चाळून, कोमट टाइलवर थोड्याशा बेसबरोबर स्पॅच्युलाने घोटून एकजीव करा आणि मग डिशमध्ये मिळवा. टोकाला पांढरेपणा का येतो तेही येथेच कळते. साच्यात टोक खाली असते आणि पातळ तेलात जड पूड तळाशी बसते. मलईइतके दाट असताना, ढवळत राहून ओतलेत तर ती बसायला वेळच मिळत नाही.

लिक्विड पॅराफिन ग्लिसरोजिलेटिनच्या (ग्लिसरीन आणि जिलेटिनच्या बेसच्या) सपोझिटरीसाठी ठीक आहे. कोको बटर स्वतःच स्निग्ध असल्यामुळे त्याला तेलाचा हात लावून उपयोग नाही, ते त्यात मिसळून जाते. येथे सॉफ्ट सोप, ग्लिसरीन आणि अल्कोहोल यांचे मिश्रण बोळ्याने लावतात आणि जास्तीचे निथळून जावे म्हणून साचा थोडा वेळ उपडा ठेवतात. ओतताना खाच काठोकाठ न भरता किंचित वर शीग येईल अशी भरा, कारण कोको बटर थंड होताना आकसते आणि बुडाला खळगा पडतो. जास्तीचा भाग थिजल्यावर किंचित गरम केलेल्या पात्याने सपाट कापून टाका. फ्रीजरचा नाद सोडा. आधी बाहेरच थोडे आळू द्या आणि मग फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे तडेही जाणार नाहीत.

दुसरा प्रतिसाद

वरील प्रतिसादात तयार करण्याची बाजू नीट आली आहे, म्हणून मी फक्त वापराविषयी लिहितो.

पाकीट न फोडता हाताला नुसती मऊ लागणारी सपोझिटरी वेष्टनासकट थंड पाण्यात काही मिनिटे धरली किंवा फ्रीजमध्ये ठेवली की वापरता येते. पूर्ण पातळ होऊन आडवी पडल्या पडल्या पुन्हा थिजलेली मात्र वापरू नये. तुमच्या झिंक ऑक्साइडचे जे झाले तेच तिच्यातल्या औषधाचे झालेले असू शकते, म्हणजे ते एका बाजूला बसलेले असू शकते. शिवाय आकार बिघडल्यामुळे ती नीट आत जात नाही. कापण्याचा प्रश्नही यातच सुटतो. औषध दोन्ही अर्ध्यांत सारखे आहे याची खात्री नसताना अर्धी सपोझिटरी म्हणजे अर्धा डोस असे म्हणता येत नाही. पॅरासिटामॉलच्या ८०, १७०, २५० मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या शक्तीच्या सपोझिटरी आपल्याकडे मिळतात. बाळाच्या वजनानुसार त्यांतली कोणती द्यायची हे डॉक्टरांनी ठरवावे, आणि त्याच वेळी तापाचे सिरपही सुरू असेल तर ते त्यांना आवर्जून सांगावे, कारण घरोघरी दुहेरी डोस होतो तो येथेच.

ग्राहकाला आणखी एवढे सांगत जा. डाव्या कुशीवर झोपवून वरचा गुडघा पोटाशी घ्यावा. मोठ्या माणसात सपोझिटरी साधारण अडीच सेंटिमीटर आत जावी, लहान मुलात त्याहून कमी. नंतर काही मिनिटे पडून राहावे. मॅक्रोगॉल या पाण्यात विरघळणाऱ्या बेसची असेल तर ती शरीराच्या उष्णतेने वितळत नाही, तिथल्या पाण्यात विरघळते. गुदाशयात द्रव जेमतेम १ ते ३ मिलिलिटर असतो, म्हणून अशी सपोझिटरी आधी पाण्यात बुडवून घ्यावी, नाहीतर आग होते. बिसाकोडिल या बद्धकोष्ठतेवरील औषधाची सपोझिटरी आतड्याच्या भिंतीला टेकली पाहिजे, मळाच्या खड्यात रुतली तर ती काही करत नाही. बाळाला जुलाब होत असतील तर तापाची सपोझिटरी देण्यात अर्थ नाही, ती तशीच बाहेर पडते. गुदद्वारातून रक्त जात असेल, किंवा केमोथेरपीमुळे रुग्णाच्या पांढऱ्या पेशी उतरल्या असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतीही सपोझिटरी देऊ नये.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. सहा खाचांचे कोडे इतके सरळ असेल असे वाटले नव्हते. एकच शंका उरली आहे. आमच्याकडे दुपारच्या सत्रात खोलीच ३६ अंशांवर असते, तेव्हा टिकाऊ प्रकारसुद्धा टिकणार नाही. त्यात मधमाशीचे मेण मिसळावे असे कोणी सुचवतात. ते किती घ्यावे?

प्रतिसाद

मधमाशीचे पांढरे मेण बेसच्या ३ ते ५ टक्के, एवढेच. तीन टक्क्यांहून कमी घेतले तर वितळण्याचे तापमान वाढण्याऐवजी घसरते, आणि पाचाच्या पुढे गेलात तर सपोझिटरी शरीरातही वितळायची नाही. मेण कोको बटरहून बऱ्याच जास्त उष्णतेला वितळते. म्हणून ते थोड्याशा कोको बटरबरोबर वेगळे वितळवून, कोमट झाल्यावर उरलेल्या मलईत मिसळा, नाहीतर त्याच्या नादात सगळेच तापवून बसाल. मेण घातलेली एक सपोझिटरी ३७ अंशांच्या पाण्यात सोडून पाहा. स्निग्ध बेसची सपोझिटरी ३० मिनिटांत विरायला हवी. परीक्षेत मात्र फॉर्म्युल्यात लिहिलेले नसेल तर एक्स्टर्नलना (बाहेरून आलेल्या परीक्षकांना) विचारल्याशिवाय मेण घालू नका. सत्र सकाळचे मिळते का ते आधी बघा, आणि साचा बर्फाच्या पाण्यात ठेवलेल्या ट्रेमध्ये टेबलावर घेऊनच वजने करा.