मदत हवी आहे : संध्याकाळी वरण-भाताबरोबर पटकन होणारी, हिरवी राहणारी भाजी

नमस्कार मंडळी,

सध्या आमच्याकडे रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे आहे. बायको नर्स आहे, तिची दुपारपाळी चालू आहे, घरी यायला रात्रीचे दहा वाजून जातात. मी अंधेरीहून मेट्रोने घाटकोपर आणि तिथून लोकलने भांडुप असा पावणेआठपर्यंत पोचतो. भाजी येताना स्टेशनबाहेरूनच घेतो. घरी सासूबाई आणि आठ वर्षांची मुलगी. आई (सासूबाईंना मी आईच म्हणतो) कुकर लावून ठेवतात, पोळ्या सकाळच्या असतात. साडेआठला ताटं घ्यायची, म्हणजे निवडणं-धुणं-चिरणं धरून जेमतेम अर्धा तास. त्यातली गॅसवरची दहा मिनिटं.

मला रस्सा किंवा ग्रेव्ही नको आहे. कांदा-टोमॅटो आणि गरम मसाल्यात काहीही परतलं की शेवटी चव त्या मसाल्याचीच लागते. फरसबी खाताना फरसबी कळली पाहिजे, पालक खाताना पालक. एवढी ताजी भाजी घ्यायची आणि तिचीच चव मारायची, हे मला पटत नाही.

आता अडचण सांगतो. फरसबी बारीक चिरून मोहरी-हिंग-हळदीच्या फोडणीत घालतो, मीठ, पाण्याचा हबका, वर झाकण, मंद आच. दहा-बारा मिनिटांत शिजते, पण रंग आधी शेवाळी आणि मग खाकी होतो, चवही मिळमिळीत लागते. आच मोठी केली तर बाहेरून डाग पडतात आणि आत कचकचीत राहते. आईंच्या दाढा काढलेल्या आहेत, त्यांना ते चावत नाही. पालक कढईत पडला की पाणी सोडतो, ते आटेपर्यंत लगदा होतो. मेथी मुलगी कडू म्हणून बाजूला सारते.

आई वेंगुर्ल्याच्या. त्या तक्रार करत नाहीत, पण परवा ताटाकडे बघून एवढंच म्हणाल्या, "हिरवी भाजी हिरवीच दिसाक व्हयी." मलाही मनापासून तेच हवं आहे.

घरात लोखंडी कढई आहे, नॉनस्टिक पॅनही आहे. ओलं खोबरं कायम असतं. लसूण चालते, गुरुवार सोडून. खायचा सोडा घालून रंग टिकतो असं ऑफिसात ऐकलं, पण तो रोजच्या जेवणात घालायची इच्छा नाही. मऊही व्हावी आणि हिरवीही राहावी, हे दोन्ही जमतं का? कसं?

प्रतिसाद :

जमतं. आधी झाकण काढा.

भाजी तापली की तिच्यातली आम्लं सुटी होतात. उघड्या कढईत त्यातली बरीचशी वाफेबरोबर उडून जातात. झाकण ठेवलं की वाफेचे थेंब होऊन तीच आम्लं परत भाजीवर पडतात. हरितद्रव्याच्या कणात मध्यभागी मॅग्नेशियम असतं, आम्ल आणि उष्णता मिळून ते बाहेर काढतात आणि उरतो तो तुमचा खाकी रंग. म्हणून लिंबू, आमसूल, टोमॅटो, दही यातलं काहीही हिरव्या भाजीत गॅसवर असताना घालू नका. लिंबाची फोड ताटात द्या. भाजीतलं लोह अंगी लागायला ती उपयोगाची आहेच, आणि पानात पिळल्याने रंगही जात नाही.

दुसरा शत्रू वेळ. साधारण सात-आठ मिनिटांच्या वर गेलात की झाकण असो नसो, रंग उतरायला लागतो. आता आईंच्या दाढांचं. मऊपणा शिजवून आणायचा ठरवलात तर वेळ वाढणार, म्हणून तो चिरण्यात आणा. फरसबीच्या दोन्ही बाजूंच्या शिरा काढा (हे अजिबात टाळू नका, दाताखाली येते ती शीरच) आणि मग तिरकी, पातळ, जवळजवळ कागदासारखी चिरा. अर्ध्या सेंटीमीटरचे तुकडे आणि असे काप यांच्या शिजण्याच्या वेळात निम्म्याचा फरक पडतो. पाव किलोला चिरायला सात-आठ मिनिटं जास्त लागतील, ती गॅसवर वाचतात.

मोठ्या आचेवर दोन मिनिटं परता, मग चार चमचे उकळतं पाणी. गार पाण्याने कढई थंड होते आणि भाजी नुसती भिजत बसते. पाणी आटलं की एक काप चावून बघा, लागलं तर आणखी दोन चमचे. मीठ शेवटी. हळद वगळून बघा, हिरव्यावर पिवळा चढला की रंग मळकट दिसतो. फक्त फरसबी कच्ची ठेवू नका, ती पुरती शिजलेलीच खावी.

सोडा नको हे तुमचं अगदी बरोबर. रंग टिकतो, पण भाजी गिळगिळीत होते आणि ब१ जीवनसत्त्व नष्ट होतं.

प्रतिसाद :

वरच्यांनी शास्त्र सांगितलं, मी फोडणी सांगते. माझं माहेर ताडदेवच्या तळमकीवाडीतलं, आमच्या सारस्वत घरांत हा प्रकार जवळजवळ रोज व्हायचा. त्याला उपकरी म्हणतात. खोबरेल तेल दीड-दोन चमचे, मोहरी तडतडली की अर्धा चमचा उडदाची डाळ, ती तांबूस झाली की दोन सुक्या मिरच्या मोडून. लगेच भाजी. कांदा नाही, मसाला नाही, हळद नाही. शेवटी मीठ, किंचित गूळ आणि मूठभर ओलं खोबरं, खोबरं घातलं की गॅस बंद. तुमच्या गुरुवारचाही प्रश्न सुटतो.

डाळ करपवू नका, सगळा स्वाद तिच्यावर आहे. ती आधी तांबूस झाली तर कढई खाली उतरवा आणि भाजी घालून मगच परत चढवा. खोबरेल घरात नसेल तर शेंगदाणा तेल चालेल, पण मग ती वेगळी भाजी झाली. वेंगुर्ल्याच्या बाईंना खोबरेलाचा वास परका वाटणार नाही असं वाटतं. त्यांना विचारा, फोडणी त्याच जास्त चांगली सांगतील.

प्रतिसाद :

पालकाबद्दल. १०० ग्रॅम पालकात ९० ग्रॅमच्या वर पाणीच असतं, त्यात धुतलेलं पाणी निथळलं नसेल तर कढईत सूपच होणार. पातेल्यात पाणी भरून पानं बुडवायची, हलवायची आणि पानं वर उचलून घ्यायची. पातेलं चाळणीत ओतलं की तळाशी बसलेली माती परत पानांवर. पावसाळ्यात निदान तीन पाणी. मग जुन्या पंचात गुंडाळून झटकायची. हे काम आल्याआल्या करा, कपडे बदलून येईपर्यंत पानं कोरडी होतात.

आता कढई चांगली तापू द्या. तेल, ठेचलेली भरपूर लसूण, एक हिरवी मिरची उभी चिरून. पालक न चिरता, हाताने दोन तुकडे करून, दोन-तीन हप्त्यांत घाला, म्हणजे कढईची धग टिकते. पहिला हप्ता बसला की दुसरा. एकूण तीन मिनिटं पुरेत. मीठ गॅस बंद केल्यावर, कारण मिठाने पाणी सुटतं, आणि आधी ढीगभर पाल्याकडे बघून घातलेलं मीठ शेवटी खारट होतं. लोखंडी कढईत करत असाल तर झाल्याबरोबर दुसऱ्या भांड्यात काढा, तिथेच ठेवली की काळपट पडते.

एवढं करूनही पाणी सुटलंच तर चमचाभर भाजलेलं बेसन भुरभुरवा. पण ती पीठ पेरलेली भाजी झाली, चांगली लागते, वेगळी लागते.

प्रतिसाद :

मुलीसाठी समुद्रमेथी आणा! दादरला स्टेशनबाहेर पश्चिमेला हमखास मिळते. किनाऱ्याजवळच्या वाळूत उगवलेली इवलीशी मेथी, दोन बोटांएवढी, पांढऱ्या देठाची आणि वर गोल कोवळी पानं, छोट्या छोट्या जुड्या बांधून ठेवलेल्या. मोठ्या मेथीच्या मानाने कडूपणा फार कमी. निवडायचं काही कामच नाही. जुडी सोडायच्या आधीच सुरीने मुळं एका घावात उडवायची, मग सोडायची. वाळू मात्र चिकार असते, वरच्या प्रतिसादातलं उचलून धुण्याचं तंत्र इथे चार वेळा. लसूण, सुकी मिरची, दोन मिनिटं, वरून खोबरं. जास्त शिजवली तर तिच्यात काही उरतच नाही.

मत्स्याहारी असाल तर मूठभर सुका जवळा आधी कोरडा भाजून, चोळून, फोडणीत परतून घ्या आणि मग ती मेथी. यापुढे मला दुसरं काही लागत नाही.

प्रतिसाद :

रविवारी फरसबीच्या शिरा काढून, मीठ घातलेल्या खळखळत्या पाण्यात तीन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, पुसून डब्यात. दोन दिवस फ्रीजमध्ये छान राहते. आयत्या वेळी चिरून नुसती फोडणी द्यायची, चार मिनिटांत भाजी. पाणी भरपूर घ्या, थोड्या पाण्यात टाकलं की उकळी मोडते आणि उपयोग होत नाही.

धागाकर्ता :

सगळ्यांचे मनापासून आभार. काल तिरके काप, झाकण नाही, उडदाची डाळ आणि खोबरेल असं केलं. गॅसवर सात मिनिटं लागली. रंग टिकला, आणि आईंनी न सांगता दुसऱ्यांदा वाढून घेतली. गूळ मात्र पुढच्या वेळी घालू नको म्हणाल्या, त्यांच्याकडे फरसबीत गूळ नसतो. झाकण न ठेवल्यामुळे भाजीचा वास जिन्यापर्यंत गेला होता, शेजारच्या काकू विचारायला आल्या.

समुद्रमेथी शनिवारी दादरला जाऊन आणणार आहे. जवळ्यासह, कारण घरात सगळे खातात.

आता एकच राहिलं, गवार. ती मला फार आवडते, पण पातळ चिरूनही तिचा तंतू जात नाही आणि थोडा कडवटपणा राहतो. तिला हाच नियम लावायचा का?

प्रतिसाद :

गवारीला हा नियम लावू नका. ती दाट धाग्याची, तिला वेळ लागतोच, आणि ती रंगापेक्षा चवीची भाजी आहे. घेताना कोवळीच घ्या, वाकवली की कट्‌कन मोडली पाहिजे. नुसती वाकली तर ठेवून द्या. शिरा काढून हातानेच मोडा, थोड्या पाण्यात कुकरला एक शिट्टी, मग ओव्याची फोडणी, गूळ आणि शेंगदाण्याचं कूट. गवारीत गूळ हवाच, त्याने कडवटपणा झाकला जातो. आईंना आधी कल्पना द्या. संध्याकाळी घाई असेल तर कोवळी गवार सकाळी मोडून ठेवा, तेवढीच दहा मिनिटं वाचतील.